न्हाणीमागचं माकडलिंबू

तुम्ही जिंकलात. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवट कळल्याशिवाय तुमचं चित्त कधी थाऱ्यावर राहिलं नाही. सिनेमा बघतानासुद्धा पोरीला विचारायचे, "शेवटी वाचतो का मरतो तेवढं सांग, मग निवांत बघतो." तर ऐका. न्हाणीमागचं ते झाड माकडलिंबूच आहे. तुमच्या कॉलेजच्या साहेबांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, चष्मा लावून, माझ्यासमोर. आता बाकीचं निवांत ऐका.

तुम्हांला जाऊन चार महिने झाले. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत बसतात, बाई रडते का नाही म्हणून. रडले की. लई रडले. पण गेल्या आठवड्यापासून भाकरी थापताना मधूनच हसू येतंय, ते कुणाला सांगावं? नवरा गेलेल्या बाईनं चुलीपुढं बसून हसायचं म्हणजे लोक वेड्यात काढतील. म्हणून तुम्हांलाच लिहिते. अंगणवाडीच्या रजिस्टरात आयुष्य गेलं, तेव्हा लिहायचं भ्या मला नाही.

ते झाड आलं तुम्ही निवृत्त झालात त्या साली. एकतीस वर्षं तेरहून एसटीनं धाराशिवला जाऊन तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये पानं-फुलं दाबली, वाळवली, जाड कागदावर चिकटवली. हुद्दा परिचराचा, हाक मामा. पोरं मामा म्हणायची, मॅडम लोक मामा म्हणायचे, तुमच्याहून वयानं मोठे असलेले प्राध्यापकसुद्धा मामाच म्हणायचे. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आलात आणि दुसऱ्या दिवसापासून करायला काही नाही म्हणून अंगणात फिरायला लागलात. तेव्हा न्हाणीच्या सांडपाण्यावर चार पानांचं रोप दिसलं. कुण्या पाखरानं बी टाकलं असेल. मी उपटायला वाकले तर तुम्ही मध्ये पाय घातलात. "ऱ्हाऊ दे. ह्याचं पान वेगळंय."

राहिलं. वाढलं सावकाश, पण हट्टानं. तिसऱ्या वर्षी कमरेला लागलं, पाचव्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर गेलं. उन्हाळ्यात आपल्याकडं बाभळीचीसुद्धा रया जाते, पण हे बारा महिने हिरवंगार. पान जाड, वरून तेल लावल्यासारखं, टोकाला जराशी खाच. फांदीला कुठं कुठं काटा. फूल नाही, फळ नाही. येणारा जाणारा विचारायचा, हे काय लावलंय? तुम्ही म्हणायचे, "अजून बोलंना झालंय." मला राग यायचा. बोलायला ते काय पाहुणं आहे, असं मी म्हणायची.

तुम्ही मला एक दिवस सकाळी हाताला धरून नेलंत. एका हातात लिंबाचं पान, एका हातात कढीपत्ता. म्हणालात, "उजेडाला धर." धरलं. "ठिपके दिसतात का? सुईनं टोचल्यावानी?" दिसत होते. मग ह्या झाडाचं पान दिलंत. "आता हे धर." मी धरलं, पण चुलीवर दूध होतं, माझं अर्धं लक्ष तिकडं. म्हटलं, "मला काय दिसंना. ठिपके तुमच्या चष्म्यावर असतील." तुम्ही पान चुरगळून माझ्या नाकाजवळ धरलंत. लिंबाचा वास येत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण दूध उतू गेलं आणि ते तुमच्यामुळं गेलं, म्हणून मी मुद्दाम म्हटलं की कसलाच वास येत नाही. हे आज पहिल्यांदा कबूल करते.

तुम्ही तेवढ्यावर गप्प बसणाऱ्यातले नव्हता. लिंबू, कढीपत्ता, बेल, कवठ, सगळ्यांच्या पानात असे ठिपके, म्हणजे हेही त्याच घराण्यातलं, हे तुमचं म्हणणं. रामलिंगच्या घाटात कॉलेजच्या सहलीबरोबर जायचात, तिथं असलं झाड तुम्ही बघितलं होतं. माकडलिंबू. पण ठामपणे म्हणायचे नाहीत. "फूल बघितल्याबिगर नाव घ्यायचं नसतं बाई. लेकराचं तोंड बघितल्याबिगर कुणावर गेलंय सांगतात का?"

आणि फूल काही येत नव्हतं.

का येत नव्हतं ते आता सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला आणखी थंडावा मिळेल. दरवर्षी मी दसरा काढायची. गल्लीतल्या बाकीच्या बाया देवीसाठी काढायच्या, आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी, पण वाकळा दोन्हीकडच्या सारख्याच मळतात. घरातलं हरेक फडकं तेरणेवर नेऊन धुवायचं, डबे घासायचे, भिंती पोतारायच्या. ओल्या वाकळा वाळवायच्या न्हाणीपासून लिंबाच्या झाडापर्यंतच्या दोरीवर. मध्ये हे झाड. त्याचे शेंडे वाकळांना लागायचे, काट्यात टाके उसवायचे. मग मी कोयता घेऊन त्याचं डोकं सपाट करून टाकायची. दरवर्षी, न चुकता, वाकळा नदीवर न्यायच्या आदल्या दिवशी.

तुम्ही म्हणायचे, "यंदा ठेव."

मी म्हणायची, "मग वाकळा काय तुमच्या डोक्यावर वाळवू?"

"ऐन कळीच्या दिवसांत डोकं मारतीस त्याचं."

"कुठंय कळी? दाखवा."

"कोयता ठेव, मग दावतो."

"कळी दावा, मग ठेवते."

सात-आठ वर्षं हेच. शब्दसुद्धा बदलले नाहीत. पलीकडच्या रजियाभाभीला पाठ झालं होतं. भिंतीपलीकडून ती हसायची आणि म्हणायची, "झालं का तुमचं? आता आमचा दसरा काढायला या." तिच्याकडं दसरा नसतो, पण वाकळा तीही त्याच आठवड्यात धुते, कारण नदीला पाणी तेव्हाच असतं.

आता साहेबांचं. हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तुमचे विभागप्रमुख साहेब, पाहुण्यांना तेरचं जुनं देऊळ दाखवायला आले होते आणि आठवणीनं आपल्याकडं चहाला आले. दसऱ्याचा दुसरा दिवस. तुमचा आनंद गगनात मावत नव्हता. नवीन सदरा घातलात. बसतात न बसतात तोच साहेबांना न्हाणीमागं घेऊन गेलात, पाहुण्यांसकट. मी चहा घेऊन मागून आले. झाडाचं डोकं मी तीनच दिवसांपूर्वी उडवलं होतं, असं सपाट की बागेच्या कडेचं कुंपण वाटावं. साहेबांनी चष्मा खिशातच ठेवला. लांबूनच म्हणाले, "कडू मेंदी आहे हो मामा. कुंपणाला लावतात ती."

तुम्ही हळू म्हणालात, "सर, कडू मेंदीची पानं समोरासमोर असतात. ह्याची एकाआड एक आहेत. आणि पान उजेडाला धरून बघा एकदा."

साहेब हसले. वाईट हसले असं नाही, पाहुण्यांसमोर हसतात तसं. म्हणाले, "मामा, चिकटवायचं काम तुमचं, ओळखायचं आमचं." पाहुणेही हसले. तुम्हीही हसलात. मी चहाचा ट्रे पुढं केला.

गाडी गेल्यावर तुम्ही परत झाडाशी जाऊन उभे राहिलात. मला हाक मारलीत आणि म्हणालात, "माकडलिंबूच आहे. फूल ना का येईना, आज सांगून ठेवतो. लक्षात ठेव."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "एवढे शिकलेले साहेब खोटं बोलतील व्हय? शिपायानं शिपायावानी ऱ्हावं."

तुम्ही झाडापासून वळून घरात गेलात. रात्री जेवलात, ताट उचलून मोरीत ठेवलंत, अंथरूण घातलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे बोललात. मला वाटलं विसरलात. पण त्यानंतर तुम्ही मला कधी पान उजेडाला धरायला सांगितलं नाही. साहेबांचं बोलणं तुम्ही हसून घालवलंत. माझं कसं घालवलं असेल, हे मी तुम्हांला विचारलं नाही. माफ करा. तुम्ही जिवंत असताना हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत, आता कागदावर निघतात.

मधल्या काळात पोरगी फोन घेऊन आली, पान दाखवलं की फोन झाडाचं नाव सांगतो म्हणे. फोननं सकाळी संत्रं सांगितलं, दुपारी कामिनी, आणि संध्याकाळी चहाचं झाड. पोरगी चिडली. तुम्ही मात्र खूश. "त्याला फूल दाखवा. त्याचं आणि माझं म्हणणं एकच आहे," म्हणालात.

यंदा श्रावणात तुम्ही गच्चीवर तार बांधलीत. दोन लोखंडी खांब, मध्ये जाड तार, चांगली ओढून. म्हणालात, "यंदा वाकळा इथं वाळव." मी खालूनच ओरडले, "गच्चीवर ओल्या वाकळा कोण चढवील? माझे गुडघे काय तुमच्या लॅबातनं आणलेत?" तुम्ही वरून म्हणालात, "मी चढवीन." भाद्रपदात छातीत दुखलं. धाराशिवच्या दवाखान्यात तीन दिवस. चौथ्या दिवशी तुम्हांला घरी आणलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि त्याच्याबद्दल इथं लिहिणारही नाही.

पुण्यानुमोदन झालं, भंतेजी येऊन गेले, पाहुणे पांगले. दसरा आला तेव्हा मी काहीच काढलं नाही. वाकळा तशाच पडल्या, डबे तसेच, भिंती तशाच. कोयता कुठं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरचा दसरा निघाला नाही.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी रजियाभाभी भिंतीवरून म्हणाली, "तुमच्यात काय फुललंय ओ? वास आमच्या न्हाणीपर्यंत आलाय." मी म्हटलं, आमच्यात कशाला काय फुलतंय. तरी गेले. पानांच्या बगलेत पांढऱ्या फुलांचे झुबके. बारीक, लिंबाच्या फुलासारखेच. मधमाश्या नुसत्या घोंघावत होत्या. मी तिथंच खाली मातीत बसले. मग एक पान तोडलं आणि उजेडाला धरलं. ह्या खेपेला चुलीवर दूध नव्हतं.

दिसले. सगळे दिसले.

रजियाभाभीला वाटलं मला चक्कर आली, ती पळत आली. मी तिला म्हटलं, "भाभी, मामा बरोबर होते." तिला काही कळलं नाही, पण तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "मामा कधी चुकीचे होते?" बघा, शेजारणीला जे माहीत होतं ते मला नव्हतं.

मग मी काय केलं सांगू? तुमचीच विद्या वापरली. फुलांची एक फांदी कापली, पेपरात घातली, वर जुनी रजिस्टरं, त्यांच्यावर गादी. रोज पेपर बदलायचा, ओल राहू द्यायची नाही, हे घरी आणलेल्या फांद्यांवर तुम्ही करताना मी एकतीस वर्षं बघितलंय. पहिली फांदी काळी पडली, कारण दोन दिवस पेपर बदलायचा राहिला. दुसरी नीट वाळली. तुमच्यासारखी नाही, पण नीट. पाकळ्या जरा पिवळ्या झाल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाई, अंगणवाडीतल्या पोरांनी ह्याच्यापेक्षा बरं केलं असतं.

फुलावर थांबायचं नाही असं मी ठरवलं. साहेब माणूस, फुलाला दुसरं काही म्हणाले तर? संक्रांतीपर्यंत गोट्यांएवढी हिरवी फळं धरली. एक विळीवर आडवं कापलं. आत फोडी. अगदी लिंबाच्या, फक्त इवल्या इवल्या. रस जिभेवर घेतला, आंबट-कडू. विळीवरच बसून मी इतकी हसले की डोळ्यातनं पाणी आलं, आणि ते पाणी कधी दुसऱ्या जातीचं झालं ते माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसले. स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात फांदी, फळांसकट. वाळवलेली फुलं पुठ्ठ्यात घालून सुतळीनं बांधली. सकाळची एसटी धरली, तुमचीच. कंडक्टर जुना होता. तिकीट देताना म्हणाला, "मामांची खिडकी रिकामीच आहे, बसा." बसले. वाटेत चार वेळा मनात बोलणं जुळवलं. साहेबांना काय काय सुनवायचं ते सगळं पाठ.

धाराशिवला उतरून विचारत विचारत साहेबांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं तेव्हा ओळखलं नाही. मामांची मंडळी म्हटल्यावर हात जोडले, आत बोलावलं, तुमच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलले. मी डबा टीपॉयवर ठेवला आणि झाकण काढलं. एक फळ त्यांच्यासमोर नखानं फोडलं. म्हटलं, "साहेब, ही आमच्या न्हाणीमागची कडू मेंदी. हिला लिंबं लागलीत."

साहेबांनी चष्मा शोधला. खिशात नव्हता, आतून मागवला. पान हातात घेतलं, उलटं केलं, मग उठून खिडकीशी गेले आणि उजेडाला धरलं. किती वेळ धरलं म्हणता! पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. ते खिडकीशीच उभे राहून म्हणाले, "माकडलिंबू. चुकलो मी. मामा बरोबर होते."

मग म्हणाले, "मला मामांनी सांगितलं होतं का?"

त्यांना आठवतच नव्हतं हो. चहा आठवत होता, पोहे आठवत होते, झाडाशी उभं राहिलेलं आठवत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हांला नाही आठवत साहेब, पण तुमचं ते वाक्य आमच्या घरात रोज आमच्याबरोबर जेवायला बसायचं." आणि ते वाक्य सांगितलं. चिकटवायचं तुमचं, ओळखायचं आमचं. साहेब खाली बसले. तोंड एवढंसं झालं त्यांचं. मग माझंही वाक्य सांगितलं, शिपायाचं. तेही लपवलं नाही. निकाल लावायचा तर दोघांचाही लागू दे. साहेब म्हणाले, "ताई, आपण दोघं एकाच बाकावरचे." म्हटलं, "व्हय. आणि आपले मास्तर तिकडं गेले."

साहेब चांगले निघाले, हे सांगायला पाहिजे. चप्पल घातली आणि म्हणाले, चला, कॉलेजात जाऊ. रिक्षातनं नेलं. तुमच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला. तुमचं कपाट, पानं दाबायचा तुमचा लाकडी दाब, डिंकाची बाटली, सगळं जाग्यावर. तिथं आता तरुण मॅडम आहेत. साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा, काही न लपवता. मॅडमनी कपाटातले गठ्ठे काढून बघितले आणि म्हणाल्या, "सर, आपल्याकडं हे झाड नाहीच. हा पहिलाच नमुना." जाड कागदावर फुलांची फांदी लावली, शेजारी फळांची. मी म्हटलं, पट्टी जरा तिरकी मारा, मामा तिरकी मारायचे, फांदी हलत नाही. मॅडमनी तिरकी मारली.

खाली कोपऱ्यात छापील चिठ्ठी असते. झाडाचं नाव, गाव, कुणी आणलं, कुणी ओळखलं. तुम्ही असल्या हजारो चिठ्ठ्या चिकटवल्यात. मॅडमनी गाव लिहिलं, तेर. जागा विचारली, मी म्हटलं न्हाणीमागं. त्या हसल्या आणि तसंच लिहिलं. आणणाऱ्याच्या पुढं माझं नाव घातलं. ओळखणाऱ्याच्या पुढं त्यांनी सवयीनं साहेबांचं पहिलं अक्षर काढलं. साहेबांनी त्यांचा हात धरला. "तिथं मी नाही," म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी घेतलं नाही. दवाखान्यातल्या फॉर्मवरसुद्धा पोरीनं सांगितलं. पण तिथं मी घेतलं. तुमचं नाव, मामंजींचं नाव, आडनाव, एका दमात, लॅबमधल्या पोरांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं. मॅडमनी लिहिलं. तारीख विचारली. आजची घालायला निघाल्या होत्या. मी साल सांगितलं आणि म्हटलं, दसऱ्याचा दुसरा दिवस. साहेब मान खाली घालून म्हणाले, "तीच घाला."

लिहून झाल्यावर मॅडमनी पेन तुमच्या नावावर धरून ठेवलं. म्हणाल्या, "नावाआधी कैलासवासी लिहायचं ना?" साहेब म्हणाले, त्यांच्यात कालकथित लिहितात. दोघंही माझ्याकडं बघत राहिले.

मी म्हटलं, "काहीच लिहू नका. झाड ओळखलं तेव्हा ते जिवंत होते."